नाडी ओरिजिनल आहे का?

गेल्या शनिवारी सकाळी सात वाजता मी एका हातात पायजमा आणि दुसऱ्या हातात टॉर्च धरून माझ्याच मोटरहोमच्या दारात उभा होतो. ऐंशीच्या घरातल्या एका गृहस्थांनी आत डोकावून माझ्या फ्रिजकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "नाडी ओरिजिनल आहे का?"

तेव्हा मी हसलो. तिथंच चुकलं.

मागचं थोडक्यात सांगतो. माझ्याकडे 1976ची जीएमसी मोटरहोम आहे. लांबी 26 फूट, चाकं सहा, मागच्या चाकांना स्प्रिंगांऐवजी हवेच्या पिशव्या आणि पुढे ओल्ड्समोबिल टोरोनॅडो या दिमाखदार मोटारीचं साडेसात लिटरचं इंजिन. जनरल मोटर्सनं ही गाडी 1973 ते 1978 एवढीच वर्षं बनवली. सगळ्या मिळून 13,000सुद्धा भरल्या नाहीत. मग कंपनीनं हा नाद सोडला आणि तो आम्हाला लागला.

मोटरहोम म्हणजे अर्धं घर आणि अर्धी गाडी, असं लोक कौतुकानं म्हणतात. बिघडायच्या बाबतीत मात्र ते पूर्ण घर असतं आणि पूर्ण गाडीही असते. प्लंबर म्हणतो, मी गाडीखाली शिरत नाही. मेकॅनिक म्हणतो, मी संडासाच्या टाकीला हात लावत नाही. उरलो मी. मी दोन्ही कामं करतो आणि दोन्ही सारखीच वाईट करतो.

पार्ट आणायला गेलं की सरळ खोटं बोलावं लागतं. काउंटरमागचा मुलगा विचारतो, गाडी कोणती? खरं सांगितलं तर तो कॉम्प्युटरमध्ये बघतो आणि अशी गाडीच नाही म्हणतो. गाडी त्याच्या दाराबाहेर तीन जागा अडवून उभी असते. म्हणून सांगायचं, 1976ची टोरोनॅडो. मग वॉटर पंप निघतो. एकदा एक भला मुलगा पंप उचलून बाहेरपर्यंत सोडायला आला. "टोरोनॅडो कुठाय?" मी म्हटलं, "घरी आहे." पंप काखोटीला मारला आणि 26 फुटी गाडीत चढलो. तो बघत उभा राहिला. त्या दुकानात मी पुन्हा गेलेलो नाही.

तरी इंजिनाचं निभतं. जीव जातो तो चिल्लर वस्तूंपायी. शुक्रवारी जुन्या मोटरहोमवाल्यांच्या संमेलनाला निघालो होतो आणि वाटेत फ्रिजच्या दाराचा खटका तुटला. खटका म्हणजे अंगठ्याएवढा प्लास्टिकचा तुकडा. घरातल्या फ्रिजचं दार लोहचुंबकावर भागतं, कारण घर वळणं घेत नाही. इथं पहिल्याच उजव्या वळणाला दार सताड उघडलं आणि दुधाची बाटली घरंगळत माझ्या सीटपर्यंत आली. गाडी बाजूला घेतली. माझ्या पेटीत इंचातले आणि मिलिमीटरमधले मिळून सत्तावीस पाने आहेत. दोरी मात्र वीतभरसुद्धा नव्हती. बायको म्हणाली, "तुझ्या पायजम्याची नाडी काढ." काढली. हँडलला दोन वेढे, शेजारच्या कपाटाच्या मुठीला दोन वेढे आणि वर निरगाठ. दार हललं नाही. पायजमा एकच नेला होता, हे रात्री लक्षात आलं.

पहाटे पाहिलं तर फ्रिज कोमट. हा फ्रिज गॅसवर चालतो. खाली ज्योत पेटवायची आणि वर बर्फ होतो, हे मला अजूनही मनापासून पटलेलं नाही. आत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन आपापसात काहीतरी ठरवतात. त्याला कॉम्प्रेसर नाही, मोटर नाही. 1922मध्ये स्टॉकहोममधल्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी हे जमवलं. पुढे खुद्द आइनस्टाईन आणि लिओ झिलार्ड असल्याच फ्रिजच्या मागे लागले आणि 1930मध्ये त्यांना अमेरिकेत पेटंटही मिळालं. एवढी डोकी खर्ची पडली ती फ्रिजमध्ये हलणारा एकही भाग नको म्हणून. उरला होता फक्त दाराचा खटका. तोच मोडला.

तर या फ्रिजची एक अट असते, गाडी सपाटीला हवी. कलली की तो रुसतो. माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या पिशवीतून रात्रभर हवा गेली होती आणि गाडी त्या अंगाला बसली होती. म्हणून मी पहाटे साबणाचं पाणी घेऊन खाली शिरलो. पिशवीला पाणी लावायचं आणि फुगे कुठून येतात ते बघायचं. फुगे दिसले. तेवढ्यात पायांपाशी आवाज आला, खर्रर्र, खट्. फोल्डिंगची खुर्ची उघडल्याचा.

ज्यांनी जुनी गाडी बाळगली आहे त्यांना हा आवाज ठाऊक असेल. तुम्ही खाली आणि कोणीतरी वर, खुर्चीत, हातात कॉफी घेऊन. तोंड दिसत नाही, नुसते बूट दिसतात. बूट म्हणाले, "ठोकळे लावलेस का, यंग मॅन?"

मी पन्नाशीचा आहे. या मंडळींत ते पाळण्यातलं वय.

"लावलेत," मी म्हटलं.

"नुसत्या जॅकवर जाऊ नये. पिशवी फाटली तर गाडी अंगावर बसते."

हे बरोबर होतं. त्यांचं सगळंच बरोबर असतं, हाच तर त्रास आहे. मी सरपटत बाहेर आलो. पायजमा माझ्याइतक्या लवकर आला नाही. त्यांनी सभ्यपणे मान फिरवली आणि माझे टायर वाचायला घेतले.

टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. आमच्या गाड्या धावतात कमी आणि उभ्या राहतात जास्त, त्यामुळे टायर झिजून जात नाहीत, वयानं जातात. हे मला माहीत आहे. तरी ते सहाही टायरांपाशी एकेक करून वाकले आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचत गेले. "हा 2319. हा 4118. हा पुन्हा 4118. अरेरे. अरेरेरे. हा 0714!" शेजारच्या गाडीतून कोणीतरी चुकचुकलं. सहा टायरांत एक म्हातारा निघाला आणि मी मुलीचं वय लपवून स्थळ दाखवल्यासारखा खाली मान घालून उभा.

"आत बघू का?" त्यांनी विचारलं तेव्हा त्यांचा एक पाय आत होता. तर तिथं ती नाडी.

"ओरिजिनल आहे का?"

"पायजम्याची आहे."

त्यांनी नाडी दोन बोटांत धरून चोळली. "सुती?"

"सुती."

"ताणते?"

"नाही."

"कोणत्या सालची?"

मला वाटलं थट्टा चाललीय. चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. मी म्हटलं, साल आठवत नाही. त्यांनी खेदानं मान हलवली, कागदपत्रं नसलेली गाडी विकत घेतल्यासारखी. मग म्हणाले, "फ्रिजही ओरिजिनल नाही."

"आधीच्या मालकानं बदललाय."

"हं." हे 'हं' मी लिहून दाखवू शकत नाही. पन्नास वर्षांच्या सगळ्या मालकांची सगळी पापं माझ्या नावावर चढवणारं 'हं' होतं ते. "थांब," म्हणाले आणि गेले. खुर्ची ठेवून गेले, म्हणजे येणार होते.

आले ते पत्र्याचा डबा घेऊन. आत कापूस. कापसावर चार छोट्या पारदर्शक पिशव्या, प्रत्येकीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात साल. आणि प्रत्येक पिशवीत एक खटका. माझ्या फ्रिजचा खटका. तोच आकार, तोच जुन्या दातासारखा पिवळट रंग. त्यांनी एक काढून माझ्या तळहातावर ठेवला. पायजमा सोडावा लागला तरी चालेल अशी माझी अवस्था झाली.

"किती द्यायचे?" मी विचारलं.

"कशाचे?"

"याचे."

ते हसले. अगदी मायेनं. "विकायचा नाही. दाखवायला आणला. कसा दिसतो ते आता तुला कळलं, शोधायला सोपं जाईल."

"पण तुमच्याकडे चार आहेत."

"चारच आहेत."

"मला एकच हवाय."

"आणि उद्या माझा तुटला तर?"

"तरी तीन उरतील."

"आणि ते तुटले तर?"

"तिन्ही? कधी?"

"तेच तर सांगता येत नाही ना," असं म्हणून त्यांनी खटका माझ्या हातातून उचलला, उजेडाकडे धरला, उलटा करून पाहिला आणि परत कापसावर ठेवला. उलटा करून पाहिला! अर्धं मिनिट माझ्या हातात होता तेवढ्यात मी त्याचं काय केलं असतं? ते मला अजून लागून राहिलंय.

सल्ल्याच्या बाबतीत ही माणसं कर्णाला लाजवतील. दुपारपर्यंत अकरा जणांनी मला खटक्याविषयी मार्गदर्शन केलं. कोणी म्हणालं जुन्या बोटींत बघ, तोच फ्रिज असतो. कोणी म्हणालं पितळेचा घडवून घे. एकानं लगेच थ्रीडी प्रिंटरवर काढून दिला, आणि त्या माणसाला मी नावं ठेवणार नाही, कारण दिवसभरात हातात वस्तू ठेवून ती परत न मागणारा तो एकटाच. पण प्लास्टिक होतं पीएलए. ते साठेक अंश तापमानाला मऊ पडतं, आणि उन्हात बंद ठेवलेल्या गाडीत काचेपाशी तेवढं तापायला वेळ लागत नाही. खटका मी विसरून डॅशबोर्डवर ठेवला होता. तीन वाजता पाहिलं तर त्यानं नमस्कार घातला होता.

वस्तू नाहीत असं नाही. माझा राग त्याचाच आहे. या मैदानावरच्या प्रत्येकाच्या गॅरेजात असे डबे आहेत. वायपरच्या मोटरी आहेत, काचांची रबरं आहेत, दिव्यांची भिंगं आहेत. सगळं जपलेलं, सगळं 'उद्या लागलं तर' म्हणून. मग एक दिवस मालकच जातो. मुलांना त्यातलं काही कळत नाही, कळून घ्यायची इच्छाही नसते, आणि गॅरेज रिकामं करायची घाई असते. भंगारवाला येतो आणि वजनावर नेतो. असं मी दोनदा पाहिलं आहे. दुसऱ्या वेळी ट्रकमागे धावलोही होतो. त्यातली कपाटाची एक मूठ मिळाली. माझ्या गाडीची नव्हती. ती मी जपून ठेवली आहे, पण ते सोडा.

संध्याकाळी आजोबांनी आपली गाडी बघायला बोलावलं. पायजम्याला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून गेलो, कारण पँट दुपारी ग्रीसमध्ये गेली होती. गाडी म्हणजे आरसा. कपाटांची बटणं सगळीच्या सगळी जागेवर, गालिचा 1975चा, सहाही टायर एकाच आठवड्यात जन्मलेले. मी मनातल्या मनात नमस्कार केला, जे आहे ते आहे. मग नजर फ्रिजवर गेली. माझ्याच फ्रिजचा जुळा भाऊ. तोही ओरिजिनल नाही, हे मी आवंढ्याबरोबर गिळलं. दाराला सामान बांधायचा हुकवाला इलॅस्टिकचा पट्टा लावलेला.

"खटका?" मी विचारलं.

"तुटला. तीन वर्षं झाली."

"आणि डब्यातले चार?"

"ते नवे आहेत," त्यांनी लहान मुलाला समजवावं तसं सांगितलं. "लावले तर जुने होतील."

मी खाली बसलो. खरंच बसलो, त्यांच्या 1975च्या गालिच्यावर, आणि चिमटा सुटला. त्यांचं लक्ष नव्हतं. ते पट्ट्याकडे बघत होते. "हा ताणतो," म्हणाले. "वळणावर दार बोटभर उघडतं. तुझी ती नाडी ताणत नाही म्हणालास ना?"

मी नाडी दिली. का दिली, हे बायकोनं त्या रात्री तीनदा विचारलं आणि माझ्याकडे तीनदाही उत्तर नव्हतं. वडीलधारा माणूस, हात पुढे केलेला, काय करणार? वर त्यांनी विचारलं, "अजून एक असेल का? स्पेअर?"

"आणि उद्या माझी तुटली तर?" हे मला सुचलं. पण सुचलं ते रविवारी परत निघाल्यावर, चाळीस मैलांवर, एका उजव्या वळणाला, दुधाची बाटली सीटला येऊन टेकली तेव्हा. मोठ्यानं म्हणूनही पाहिलं. बायको म्हणाली, "आता कोणाला सांगतोयस?"

काल त्यांचा मेसेज आला. मजकूर एवढाच की साल आठवलं तर कळव. खाली फोटो होता. त्यात तोच पत्र्याचा डबा, तोच कापूस, चार पिशव्यांशेजारी पाचवी, आणि तिच्यात माझी नाडी. व्यवस्थित गुंडाळलेली.