साहेबाची शेगडी आणि आमची भिंत

आमच्या हॉलमध्ये फायरप्लेस आहे. हे ऐकायलाच काय ते भारी वाटतं. घर बेळगावच्या कॅम्पाच्या अंगाला, सासऱ्यांनी जुनं विकत घेतलेलं. बांधणारा कुणी गोरा साहेब असावा. गाव सुमारे २,५०० फुटांवर, त्यात पावसाळाभर गारठा, म्हणून साहेबानं भिंतीतच शेगडी करून घेतली. साहेब गेला, गारठा राहिला आणि शेगडीत आमच्या चपला आल्या.

लग्नानंतरच्या पहिल्याच डिसेंबरात आमच्या ह्यांना ती पेटवायची हुक्की आली. चपला निघाल्या, लाकडं रचली गेली. धुरानं मात्र वर न जाता हॉलचा रस्ता धरला. शेजारचे काका भरलेली कळशी घेऊनच आत शिरले. सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "गॅस आला तेव्हा कुठं माझी फुंकणी सुटली, आणि तुम्ही हॉलात चूल मांडा!" दुसऱ्या दिवशी ह्यांनी धुराड्यात बांबू घातला, तेव्हा साळुंकीचं घरटं, तारांची भेंडोळी आणि टोपलीभर काजळी धप्पकन सोफ्यावर आली. सोफ्याचे अभ्रे पांढरे होते. होते.

चपला परत आत गेल्या. पण त्या वर्षीच्या पावसापासून भिंतीनं डोकं वर काढलं. आधी कोपऱ्यात ओल, मग पोपडे, मग पांढरा लोणा. डाग दरवर्षी चार बोटं पुढं. सासरे चहा पिताना म्हणायचे, "यंदा हद्द खिडकीपर्यंत आली." बेळगावात हद्द हा शब्द हसून उच्चारणारा दुसरा मराठी माणूस मी पाहिला नाही.

पहिल्या गवंड्यानं पोपडे खरवडून सिमेंटचा गिलावा मारला. दुसऱ्यानं त्यावर पुट्टी, प्रायमर आणि खडेबाजारातून आणलेला महागातला रंग. रंगाचं नाव होतं पहाटेसारखं काहीतरी. ती पहाट पुढच्या आषाढात टरटरून फुगली. ह्यांनी बोटानं दाबलं तर आतून चमचाभर पाणी आलं.

तिसरा गवंडी बैलहोंगलकडचा. हाताचा चांगला. त्यानं कराणीच्या टोकानं एक चौकोन उकरला, आतला तांबडा भुगा चिमटीत धरून मला दाखवला. "अक्का, ह्यो चिरा. पाणी पितोय. साहेबानं वर चुना लावलेला, चुन्यातनं ओल भाईर जातीया. तुम्ही सिमेंट मारून तोंड बांधलंय की ओ त्याचं." मग मान वाकडी करून धुराड्यात बघितलं. वर चक्क आभाळ दिसत होतं. टोपणच नव्हतं! इतकी वर्षं पाऊस थेट आत उतरत होता आणि आम्ही खाली भिंतीला पावडर लावत होतो.

"मग कधी सुरू करता?"

"नाळे बर्तीनी."

नाळे म्हणजे उद्या. १९९०च्या दशकात कर्नाटकात अफवा उठली होती, रात्री एक भूत दार वाजवतं म्हणून. लोकांनी दारावर 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये', असं लिहून ठेवलं. भूत वाचायचं, परत जायचं, दुसऱ्या दिवशी यायचं, पुन्हा तेच वाचायचं. आमच्या दारावर कुणी काही लिहिलं नव्हतं. तरी गवंडी परत जात होता.

दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारत नाही. भिंत वाळते मार्च ते मे, आणि त्या तीन महिन्यांत आम्हाला भिंत आठवत नाही. तेव्हा लग्नं असतात, लोणची असतात, माहेरपण असतं. आठवते श्रावणात, गणपती तोंडावर आल्यावर. तेव्हा बाहेर धो धो आणि गिलावा ओला तो ओलाच. मग सासूबाईंची हिरवी इरकल भिंतीवर ताणून मखराची पाठ करायची. सलग सहा वर्षं त्या इरकलीनं आमची अब्रू झाकली. पाहुणे म्हणायचे, "दरवर्षी तीच थीम? छान."

अखेर गेल्या एप्रिलात तो उगवला. सिमेंट फोडलं, चुन्याचा गिलावा केला, धुराड्यावर पत्र्याची टोपी बसवली. आठ दिवस घरात भाकरीवरसुद्धा पांढरी धूळ. चपला बाहेर, शेगडी धुऊन पुसून मोकळी, आणि यंदा गणपती थेट त्या कोनाड्यात. इरकल कपाटात.

दुसऱ्या दिवशी गवंडी दर्शनाला आला. नमस्कार केला, कुंदा खाल्ला, हात पुसले आणि सवयीनं भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. कान लावला. खिडकीजवळ पुन्हा टकटक.

"काय ओ?" मी विचारलं.

"काय नाही, अक्का. हितं जरा..." त्यानं चपला घातल्या. "नाळे येऊन बघतो."

मी इरकल इस्त्रीला काढली.