पावणेदहा रुपयांसाठी

"पाच लाखांचं कार्ड आहे ना तुमच्याकडे?" हे परत कुणी विचारलं तर मी खरंच भांडणार आहे. आहे कार्ड. आयुष्मानचं. लॅमिनेट करून कपाटात ठेवलंय. पण ते ॲडमिट झाल्यावर चालतं हो! माझी आई वेंगुर्ल्याकडे काजूच्या कारखान्यात बी फोडते. टरफलातलं तेल लागून बोटांची सालटी निघतात, दिवसभर एका बैठकीत कंबर धरते. यासाठी कोण ॲडमिट करून घेणार तिला?

सरकारी दवाखाना फुकट आहे, मान्य. मलम मात्र 'बाहेरून घ्या'. कातडीचा डॉक्टर हवा तर जिल्ह्याचं ठिकाण, ओरोस गाठा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, पण बुडालेली मजुरी कोण देणार? म्हणून ती जातच नाही. "हाताक काय झाला, रोजचाच आसा ता," म्हणते नि खोबरेल चोळून झोपते.

आणि नेमक्या याच दुखण्यांसाठी ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा आहे. मूळ कायदा १९४८ चा! रोजची तपासणी, औषधं, आजारपणात मजुरीच्या ७० टक्के पैसे. कामगाराने ०.७५ टक्के भरायचे, मालकाने ३.२५. दिवसाची मजुरी ३०० धरा. आईचे सव्वादोन रुपये, मालकाचे पावणेदहा. पावणेदहा! तेवढ्यात बाजारात मूठभर काजूगर येत नाहीत. ते वाचवायला हा माणूस काय करतो? दहा कामगार झाले की कायदा लागू होतो, म्हणून हजेरी वहीत नावं नऊच. बाकीच्या बायका काय भुतं आहेत? तपासणीची खबर त्याला आदल्या दिवशीच लागते, मग निम्म्या जणींना निरोप जातो, "उद्या येव नको." खबर देतं कोण, हे विचारायचं नाही.

केरळात कोल्लमला काजू कामगार बायका ईएसआयच्या हॉस्पिटलात जातात. त्यांची बी वेगळी आहे का? (बरीचशी तर दोन्हीकडे आफ्रिकेतूनच येते.) इथे वेंगुर्ल्याच्या काजूला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं म्हणून फ्लेक्स लागतात, सत्कार होतात, आणि तो फोडणारीचं नाव साध्या वहीत चढत नाही. वर सांगतात, असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर, ई-श्रमवर नोंदणी करा. केली. बारा आकडी नंबर मिळाला. तो बोटांना चोळू?

तपासणीवाले साहेब, एकदा न कळवता या. सकाळी, काम सुरू झाल्यावर. वही मागूच नका, दारातल्या चपला मोजा.