‘दोनच रंग, मग एवढे पैसे कशाचे?’ : लाल-पांढऱ्या क्विल्टच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही एक तारा दिलात. ताऱ्याचं राहू दे, पण मुद्देसूद लिहिलंत, म्हणून मीही नेहमीचं ‘आपल्या प्रतिक्रियेबद्दल आभारी आहोत’ न टाकता नीट उत्तर देते. हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडक्यात सांगते. ताईंनी मुलाच्या लग्नात द्यायला आमच्याकडून ९० इंची लाल-पांढरी क्विल्ट (कापडाचे तुकडे जोडून, आत भरण घालून शिवलेली रजई) करून घेतली, जुन्या अमेरिकन नमुन्यावरची. ३८ हजार रुपये मोजले. तक्रारी अशा: दोनच रंग आणि एकच नमुना असताना एवढे पैसे कशाचे, एका कोपऱ्यात तुकडे उलटे लागलेत, पहिल्याच धुण्यात रंग गेला आणि पांढऱ्यावर गुलाबी झाक आली, वाळल्यावर क्विल्ट तीन इंच आखडून सुरकुतली, आणि आईच्या गोधडीची ऊब तिला नाही.

आधी पैशांचं. तुम्ही निवडलेला नमुना ‘ड्रंकर्ड्स पाथ’, म्हणजे ‘दारुड्याची वाट’. त्याचा मूळ चौकोन साडेतीन इंचांचा: एका कोपऱ्यात पाव वर्तुळ एका रंगाचं, उरलेला भाग दुसऱ्या रंगाचा. असे १६ चौकोन जोडले की एक ठोकळा होतो. तुमच्या क्विल्टमध्ये सहा ओळींत सहा-सहा असे ३६ ठोकळे आहेत, भोवती तीन इंचांची किनार. म्हणजे चौकोन झाले ५७६, कापलेले तुकडे ११५२, आणि गोल शिवणी ५७६.

सरळ शिवण मशिनवर सरसर जाते. गोल शिवणीत आत वळलेली कड बाहेर वळलेल्या कडेवर बसवायची असते. मधोमध एक टाचणी, दोन टोकांना दोन, आणि मग सुईखाली कापड बोटांनी थोडं थोडं फिरवत न्यायचं. कड उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी असते, त्यामुळे जरा जोरात ओढलं की ताणते, आणि एकदा ताणली की तो चौकोन पुन्हा काटकोनात येत नाही. माया, म्हणजे शिवणीबाहेरचं कापड, पाव इंच सोडायची, ना कमी ना जास्त. एका चौकोनात अर्धा मिलिमीटर वाढला तर डोळ्याला कळणारही नाही, पण एका ओळीत २४ चौकोन आहेत. शेवटी १२ मिलिमीटरचा फरक पडतो आणि वरची ओळ खालच्या ओळीला जुळत नाही.

फुलाफुलांच्या दहा रंगी कापडात अशी न जुळलेली शिवण छपाईत लपून जाते. लाल-पांढऱ्यात ती दारातून दिसते. आमच्याकडच्या बायका बहुरंगी काम हसत घेतात. लाल-पांढरं समोर आलं की आधी एकमेकींकडे बघतात. एवढं जोडून झाल्यावर वरचं कापड, कापूस आणि अस्तर असे तिन्ही थर हाताने शिवायचे, इंचाला आठ टाके. ३८ हजारांत मोठा वाटा या दोन कामांच्या मजुरीचा आहे. कापडाचा खर्च त्या मानाने किरकोळ. तुमच्या वहिनींनी दाखवलेली चार हजारांची चादर मीही पाहिली आहे. ती छापील आहे, तिच्यात एकही जोड नाही.

‘दोन रंगांत काय मजा’ याबद्दल एवढंच सांगते, की मार्च २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या पार्क अॅव्हेन्यू आर्मरी या मोठ्या दालनात अमेरिकन फोक आर्ट म्युझियमने ६५१ क्विल्ट मांडल्या होत्या, सगळ्या लाल-पांढऱ्या, सगळ्या जोआना रोझ या एकाच बाईंच्या संग्रहातल्या. एकीसारखी दुसरी नव्हती. फोटो इंटरनेटवर आहेत, जरूर बघा.

आता उलटे तुकडे. तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून पाहिला. उजवीकडे खाली एका चौकोनात लाल जमिनीवर पांढरं पाव वर्तुळ आहे आणि शेजारच्यात पांढऱ्या जमिनीवर लाल, तेही तोंड फिरवून. ताई, नमुनाच तसा आहे. निम्मे चौकोन असे, निम्मे तसे, आणि ठरलेल्या क्रमाने वळवलेले. म्हणून तर ती वाट झोकांड्या खाते. क्विल्ट जमिनीवर पसरा, स्टुलावर उभ्या राहून बघा, किंवा मोबाइलवर फोटो अगदी लहान करून बघा. चारही कोपऱ्यांतले ठोकळे हुबेहूब सारखे दिसतील. अशा वेळी काही दुकानदार एक ठेवणीतली गोष्ट सांगतात, की परिपूर्ण फक्त देव, म्हणून जुन्या बायका मुद्दाम एक चौकोन चुकवायच्या. क्विल्टच्या इतिहासाच्या अभ्यासकांना त्या गोष्टीला आधार सापडलेला नाही. आणि तुमच्या क्विल्टला तिची गरजही नाही.

‘दारुड्याची वाट’ हे नाव व्याह्यांना कसं सांगायचं, असंही तुम्ही विचारलंय. त्यांना सांगा, की दारूबंदीसाठी लढणाऱ्या अमेरिकन बायकांची १८७४ साली संघटना उभी राहिली आणि हा नमुना, विशेषतः निळ्या-पांढऱ्यातला, त्या चळवळीशी जोडला जातो. व्याही खूश होतील.

रंगाचा मुद्दा मात्र गंभीर आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत लाल-पांढऱ्या क्विल्टची लाट आली, ती ‘टर्की रेड’ नावाच्या रंगामुळे. तो मॅडर या वनस्पतीपासून व्हायचा, म्हणजे आपल्या मंजिष्ठेची बहीण. तिच्या मुळ्या, तेल, तुरटी, शेण, अशा किती तरी पायऱ्यांतून कापड जायचं, पण मग तो लाल उन्हाला आणि धुण्याला दाद देत नसे. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी त्यातलं मुख्य रंगद्रव्य, अॅलिझरिन, प्रयोगशाळेत तयार केलं आणि पुढे पक्का लाल स्वस्त झाला. १८८०च्या दशकात काँगो रेडसारखे आणखी स्वस्त लाल आले, आणि त्यांच्या क्विल्ट धुता धुता गुलाबी पडल्या. जुनं ते सगळंच सोनं नव्हतं.

आजचं लाल सुती कापड वेगळ्या रसायनांनी रंगवतात. कापडाला न चिकटलेला थोडा रंग त्यात उरतो. कापण्याआधी आम्ही प्रत्येक लाल ताका गरम पाण्यात धुतो आणि ओल्या कापडावर पांढरं फडकं घासून बघतो. तरी गडद लाल पहिल्या एक-दोन धुण्यांत पाण्याला रंग देतोच, म्हणून सोबतच्या कार्डावर ‘भरपूर पाण्यात, एकटी धुवावी, घडी घालून भिजत ठेवू नये’ असं छापलेलं आहे. तुम्ही लिहिलंय, की ती बादलीत दोन मुठी मीठ घालून रात्रभर ठेवली. बादलीत ९० इंची क्विल्ट म्हणजे कापड जास्त आणि पाणी कमी. लाल घडी रात्रभर पांढऱ्या घडीला चिकटून राहिली. मिठाचा उपाय घरोघरी करतात, माझ्या सासूबाईही करायच्या. पण मीठ रंगाऱ्याच्या कढईत कामाचं, तिथे ते रंगाला कापडाकडे ढकलतं. बादलीतही ते तेच करतं, आणि सुटलेला रंग पांढऱ्यावर जाऊन बसतो. व्हिनेगरनेही सुती कापडावरचा हा रंग पक्का होत नाही.

गुलाबी झाक बहुतेक वेळा निघते, कारण तो रंग धाग्याला पक्का धरलेला नसतो. साधारण ६० अंशांच्या गरम पाण्यात भांडी घासायचं लिक्विड घालून क्विल्ट पूर्ण बुडवून मोकळी ठेवायची, बारा तासांनी पाणी बदलायचं, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच करायचं. घरच्या टबात हे अवघड आहे. आमच्याकडे त्यासाठी उघडी टाकी आहे.

आखडण्याचं म्हणाल, तर आत सुती भरण आहे. ते पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटतं, म्हणजे ९० इंचांत तीन इंच अपेक्षितच. त्याने टाक्यांभोवती ज्या बारीक सुरकुत्या पडतात, त्यांच्यासाठीच लोक जुन्या धाटणीची क्विल्ट मागतात. सपाट हवी असेल तर पॉलिएस्टरचं भरण मिळतं. ऑर्डरच्या वेळी तुम्ही सुती निवडलं होतंत. आणि गोधडीची ऊब तिला नाही, हे अगदी खरं. गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर असतात, इथे पातळ कापसाचा एक. जाड भरणातून इंचाला आठ टाके काढता येत नाहीत.

पैसे परत देता येणार नाहीत, कारण क्विल्ट तुमच्या मापाने, मागणीप्रमाणे झालेली आहे. गुलाबी झाक मात्र आम्ही काढून देऊ, आणि नेण्या-आणण्याचा खर्च आमचा. तोवर तिच्यावर इस्त्री फिरवू नका आणि ड्रायरमध्ये घालू नका, कोरड्या उष्णतेने डाग बसतो. ऑर्डरच्या वेळच्या नंबरवर सोयीचा दिवस कळवा, माणूस न्यायला येईल. मुलगा-सून बाहेरगावी घेऊन गेले असतील, तर तिथला पत्ता द्या.