पेस्ट कंट्रोलचं बिल कुणाचं? आधी कीड कुठून आली ते बघा

भाड्याच्या घरात झुरळं दिसली की दोन वाक्यं ठरलेली. मालक म्हणतो, "आमच्या वेळी एकही नव्हतं." भाडेकरू म्हणतो, "आम्ही आलो तेव्हापासूनच आहेत." दोघंही बऱ्याचदा मनापासून बोलत असतात, आणि त्यातून बिल कुणी भरायचं ते काही ठरत नाही. मग करारनामा काढला जातो. त्यात एक ओळ सापडते: "पेस्ट कंट्रोल भाडेकरूने करावे." माझ्या मते ही ओळ कुचकामी आहे. जमिनीतून चौकटीत शिरलेली वाळवी आणि खोक्यातून आलेलं झुरळ यांना एकच नियम लावायचा म्हणजे छप्पर गळलं आणि नळ उघडा राहिला, या दोन्हींचा दोष एकाच्याच माथी मारण्यासारखं आहे.

माझं म्हणणं एवढंच की बिल किडीच्या वाटेवरून ठरवावं. भिंत, जमीन, गटार, डक्ट यांतून आली तर खर्च मालकाचा. सामानातून आली तर सामान आणणाऱ्याचा. वाट कळतच नसेल तर पहिला उपचार मालकाने करावा, कारण वास्तू त्याची आहे. कायदा ठिकठिकाणी वेगळा असतो, तो आधी बघाच. पुढचं सगळं कायदा जिथे गप्प आहे तिथल्यासाठी.

झुरळांपासून सुरुवात करू, कारण भांडणं सगळ्यात जास्त त्यांच्यावरून होतात. "झुरळ" म्हणून चालत नाही, कुठलं ते बघावं लागतं. दीडेक सेंटिमीटरचं, फिकट तपकिरी, डोक्यामागच्या ढालीवर दोन काळ्या समांतर रेघा असलेलं ते जर्मन झुरळ. ते स्वयंपाकघरात, फ्रिजच्या मोटरपाशी, कपाटाच्या बिजागरीत राहतं आणि बहुधा पुठ्ठ्याची खोकी, जुना फ्रिज, जुना मायक्रोवेव्ह यांतून घरात येतं. साडेतीन-चार सेंटिमीटरचं लालसर झुरळ मात्र गटार आणि ड्रेनेजच्या चेंबरमधलं. ते मोरीच्या जाळीतून वर येतं. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी अडवून ठेवणाऱ्या वळणात, साधारण पाच सेंटिमीटर पाणी उभं असलं तर त्याची वाट अडते. घर काही महिने बंद राहिलं की ते पाणी आटतं आणि दार सताड उघडं पडतं. म्हणजे नव्या भाडेकरूला पहिल्याच रात्री मोरीत लाल झुरळ दिसलं तर आधी बादलीभर पाणी ओता. दोन दिवसांनी पुन्हा दिसलं तर ट्रॅप फुटलाय किंवा बसवलेलाच नाही. ते काम प्लंबरचं आणि खर्च मालकाचा, यात वाद घालण्यासारखं काही नाही.

जर्मन झुरळाचं वय मात्र शोधावं लागतं. कपाटाचं दार पूर्ण उघडा आणि वरच्या बिजागरीवर टॉर्च मारा. काळी मिरपूड भुरभुरल्यासारखे ठिपके लाकडाला चिकटलेले आहेत का? शेजारी कोरड्या, पारदर्शक काती आहेत का? अंड्यांच्या रिकाम्या डब्या आहेत का? पिल्लाचं पूर्ण झुरळ व्हायला साधारण दोन महिने लागतात. त्यामुळे येऊन दहा दिवस झालेल्या भाडेकरूच्या फ्रिजमागे झुरळं असली तर ती त्याची असू शकतात. मालकाच्या फिक्स कपाटाच्या बिजागरीत वाळलेला थर असला तर ती नक्कीच जुनी वस्ती. म्हणून सामान लावायच्या आधी चिकट सापळे ठेवा: सिंकखाली, ओट्याच्या कोपऱ्यात, फ्रिजच्या जागी, बाथरूमच्या दाराशी. तीन रात्रींनी तारखेसकट फोटो काढा आणि मालकाला पाठवा. पुढे शंभर मेसेज करण्यापेक्षा हे चार फोटो जास्त बोलतात.

आता उपचार फसतो कुठे ते बघू, कारण दुसऱ्या बिलाचं भांडण तिथूनच सुरू होतं. या जर्मन झुरळांवर जेल, म्हणजे विष मिसळलेलं आमिष, चालतं. तीन-चार मिलिमीटरचे ठिपके, भरपूर जागी, फटींच्या तोंडाशी. एका जागी मोठा गोळा लावून काही होत नाही. जेल खाऊन मेलेली झुरळं आणि त्यांची विष्ठा दुसरी खातात, मग तीही मरतात. त्याच संध्याकाळी कुणी बाजारातला स्प्रे त्यावर मारला की संपलं. स्प्रेच्या वासाने झुरळं जेलपासून लांब पळतात आणि जेलही खराब होतं. शिवाय मादी तीस-चाळीस अंड्यांची डबी पिल्लं निघायच्या वेळेपर्यंत अंगावर बाळगते, आतल्या अंड्यांपर्यंत औषध पोचत नाही. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी दुसरी फेरी लागतेच. कोटेशनमध्ये ती धरलेली नसेल तर ते कोटेशन अर्धवट आहे. (गंमत म्हणजे काही ठिकाणच्या जर्मन झुरळांना ग्लुकोजची गोडी नकोशी झालेली १९९३ मध्येच नोंदवली गेली आहे. एक जेल खात नसतील तर दुसरं वापरून बघा, लगेच भाडेकरूला अस्वच्छ ठरवू नका.)

माझा हिशोब असा: दोन्ही फेऱ्या ज्याच्या वाट्याच्या, त्याच्याच. पण भाडेकरूने ओट्याखालची कपाटं रिकामी केली नाहीत, जेलवर स्प्रे मारला किंवा ठरलेल्या दिवशी दार उघडलं नाही, तर वाढलेली फेरी त्याची. तयारीची यादी आधी लेखी दिली नसेल तर हा हक्क मालकाने विसरावा.

ढेकणांच्या बाबतीत मी "आणणाऱ्याचा खर्च" हा माझाच नियम मोडतो. ढेकूण बॅगेतून, जुन्या गादीतून येतो हे खरं. पण तो शेजारच्या घरातून पाइपच्या फटीतून, स्विचबोर्डच्या खोक्यातूनही येतो, आणि कुठून आला हे सिद्ध करणं जवळजवळ अशक्य. बिलाची भीती घातली की भाडेकरू लपवतो, घरच्या घरी फवारत बसतो, ढेकूण भिंतीपलीकडे पसरतात आणि एका खोलीचं काम चार घरांचं होतं. म्हणून पहिला उपचार मालकाने करावा, आणि डावं, उजवं, वरचं, खालचं घरही तपासून घ्यावं. भाडेकरूचा वाटा मेहनतीचा. कपडे साठ अंशांच्या पाण्यात धुवायचे किंवा ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर निदान अर्धा तास फिरवायचे, गादीच्या शिवणी दाखवायच्या, खाट भिंतीपासून ओढायची. अंडी एक-दोन आठवड्यांत फुटतात, त्यामुळे इथेही दुसरी फेरी हवी. आणि "घर दोन महिने रिकामं होतं, ढेकूण कसे असतील?" हा युक्तिवाद पोकळ आहे; मोठा ढेकूण रक्ताविना कित्येक महिने तग धरतो. न्यूयॉर्क शहरात २०१० पासून नव्या भाडेकरूला मागच्या वर्षातला ढेकणांचा इतिहास लेखी द्यावा लागतो. तेवढं तर कुणीही मालक स्वतःहून देऊ शकतो.

वाळवी पूर्णपणे मालकाची. भिंत-फरशीच्या सांध्यात साधारण तीस-तीस सेंटिमीटरच्या अंतराने भोकं पाडून औषध सोडणं हे बांधकामातलं काम आहे, घरकाम नव्हे. भाडेकरूने भिंतीवरची मातीची नळी झाडूने पुसून टाकू नये; फोटो काढून त्याच दिवशी कळवावं. पुसली तर वाळवी कुठून आली ते पेस्ट कंट्रोलवाल्याला सापडत नाही. कळवायला तीन महिने लावले आणि चौकट पोकळ झाली, तर त्या नुकसानीत त्याचाही वाटा धरला जाऊ शकतो.

उंदरांचंही बहुतांशी तसंच. पेन्सिल शिरेल एवढी फट छोट्या उंदराला पुरते. फट स्टील वूल आणि सिमेंटने बुजवायची, नुसता फोम ते कुरतडतात. भोक उघडं ठेवून विष टाकलं तर उंदीर फॉल्स सीलिंगमध्ये मरतो आणि आठवडाभर वास. कचरा रात्रभर उघडा राहत असेल तर मात्र भाडेकरूने मालकाकडे बोट दाखवू नये.

करारात मग काय लिहायचं? ताबा देण्याआधी उपचार झाला असेल तर बिलावर कुठली कीड, कुठलं औषध, कुठल्या तारखेला हे हवं. "जनरल फवारणी" एवढंच लिहिलेलं बिल ढेकणांसाठी काहीच सांगत नाही. पहिले साठ दिवस झुरळं-ढेकूण मालकाकडे, त्यानंतर झुरळांचं वाटेवरून, ढेकणांचा पहिला उपचार मात्र मालकाकडेच. दिसल्यापासून तीन दिवसांत लेखी कळवणं भाडेकरूकडे, सात दिवसांत पेस्ट कंट्रोलचा माणूस आणणं मालकाकडे. फवारणीआधी औषधाचं नाव आणि किती तास बाहेर थांबायचं ते सांगणं, विशेषतः घरात तान्हं बाळ किंवा माशांची टाकी असेल तर.

आणि घर सोडताना डिपॉझिटमधून सरसकट "पेस्ट कंट्रोल चार्ज" कापणं मला अजिबात पटत नाही. पुढच्या भाडेकरूसाठी घर तयार करणं हा मालकाच्या धंद्याचा खर्च आहे. कापायचंच असेल तर आधी दाखवा: शेवटच्या आठवड्यात तेच सापळे, त्याच जागी, तीन रात्री, आणि फोटोखाली दोघांच्या सह्या.