‘बाद मत’ संपलेलं नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘मत’ या शब्दाच्या रोजच्या वापरावर मी लिहिलेल्या लेखाखाली खानापूर भागातल्या एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. ती अशी : “यंत्र आल्यापासून मत बाद होणं संपलं. ‘बाद मत’वर दोन परिच्छेद कशाला? लेख लांबलाय. बेळगावकर मत ‘घालतात’ म्हणे, असलं कानडाळलेलं मराठी छापून काय मिळवता? आणि ‘मतांतर’चा कानडी अर्थ कुणी विचारला होता? बूथची पायरी तरी चढलात का कधी?”

लेख लांबला, हे मान्य.

पण शेवटचा प्रश्न हा मुद्दा नाही, टोमणा आहे, आणि तो मला लागला. सीमाभागात मराठी शाळेत शिकवणाऱ्याला निवडणुकीची ड्यूटी चुकत नाही. केंद्राध्यक्षाचं काम मी केलं आहे, मोजणीच्या टेबलावरही बसलो आहे. समोरचा माणूस कोण, काय केलेला, हे न विचारताच त्याला अडाणी ठरवायचं, ही पद्धत बरी नव्हे. माझ्या वयाचा मान राखा असं मी म्हणत नाही. निदान मी काय लिहिलं ते वाचून बोला.

आता तुमचं पहिलं वाक्य. “यंत्र आल्यापासून मत बाद होणं संपलं.” सगळं मत यंत्रावरच पडतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

बटण दाबून दिलेलं मत शाई फिसकटून किंवा शिक्का दोन घरांत पडून बाद होत नाही, हे माझ्या लेखातच होतं. पण टपाली मत कागदावरच असतं, आणि आपल्या भागात ते थोडं नाही. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे. खानापूर, निपाणी, चंदगडकडच्या गावांत फौजेत माणूस नाही असं घर शोधावं लागतं. सेवेतल्या जवानाची मतपत्रिका आता संगणकावरून जाते, तो ती छापून घेतो, मत नोंदवतो आणि पाकिटातून पाठवतो. निवडणूक ड्यूटीवरचे कर्मचारी, ८५ वर्षांवरचे मतदार, ४० टक्क्यांहून कमी नसलेलं अपंगत्व असलेले मतदार यांचंही मत याच मार्गानं येऊ शकतं.

हे मत कसं बाद होतं ते नीट समजून घ्या. मतपत्रिका आतल्या पाकिटात, म्हणजे १३-बी मध्ये जाते. प्रतिज्ञापत्र, म्हणजे १३-ए, त्या पाकिटाच्या बाहेर ठेवायचं असतं. मग ही दोन्ही मिळून मोठ्या पाकिटात, १३-सी मध्ये. मोजणीला आधी मोठं पाकीट फोडतात आणि १३-ए शोधतात. ते नसलं, त्यावर सही नसली, साक्षांकन नसलं, किंवा त्यावरचा मतपत्रिकेचा क्रमांक आतल्या पाकिटावरच्या क्रमांकाशी जुळला नाही, तर १३-बी उघडतच नाहीत. आत मत कुणाला आहे हे कुणालाही न कळता ते बाद. नेहमीची चूक म्हणजे प्रतिज्ञापत्र घडी करून मतपत्रिकेबरोबरच आतल्या पाकिटात घालणं. माणसानं सगळं बरोबर भरलेलं असतं, फक्त कागद चुकीच्या पाकिटात असतो. सगळं पार पडून आतली पत्रिका बाहेर आली, तरी ती कोरी असली, दोन नावांपुढे खूण असली, किंवा मत देणारा ओळखू येईल असं काही लिहिलेलं असलं, तर ती तिथे बाद होते. मोजणी सुरू होण्याच्या वेळेनंतर आलेलं पाकीट मात्र वेगळं. ते न फोडता बाजूला ठेवतात, त्याला ‘उशिरा आलेलं’ म्हणायचं. आणि विजयाचं अंतर बाद ठरलेल्या टपाली मतांपेक्षा कमी असेल, तर ती बाद पाकिटं निकाल जाहीर करण्याआधी पुन्हा तपासावी लागतात. ज्या शब्दावर निकाल अडतो तो शब्द संपला कसा?

दुसरं, ग्रामपंचायत. २०२० च्या डिसेंबरात आपल्या जिल्ह्यात ग्रामपंचायतींचं मतदान मतपत्रिकेवर झालं. आपल्याकडे एका वॉर्डात एकाहून जास्त जागा असतात आणि जितक्या जागा तितकी मतं असतात, एका उमेदवाराला एकच. कमी शिक्के मारले तर चालतं. जागांपेक्षा जास्त मारले की बाद. शिक्क्याऐवजी पेनानं फुली केली की बाद, अंगठा उठवला की बाद. दोन नावांमधल्या रेषेवर शिक्का मारला आणि मत कुणाला ते ठरवता येईना, तर तेही बाद. घडी घालताना ओली शाई दुसऱ्या नावावर उमटली तर मात्र बाद करता येत नाही. शिक्क्याच्या बाणफुलीची टोकं एकाच दिशेनं वळलेली असतात, घडीनं उमटलेला ठसा उलट्या दिशेचा दिसतो, त्यामुळे खरा कुठला हे लगेच कळतं. हे माहीत नसलेला एजंट टेबलावर गप्प बसतो आणि चांगलं मत घालवून बसतो. म्हणून ते दोन परिच्छेद होते.

तिसरं, विधान परिषद. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघ तुम्हाला माहीत असतील. स्थानिक संस्थांच्या मतदारसंघात तर आपल्या गावचा ग्रामपंचायत सदस्यही मतदार आहे. तिथे यंत्र नाही, शिक्काही नाही. केंद्रावर दिलेल्या पेनानंच पसंतीचा आकडा लिहायचा. १ हा आकडा कुणापुढेच नसला, दोघांपुढे असला, किंवा एकाच नावापुढे १ आणि २ दोन्ही असले, तर मत बाद. ‘एक’ असं अक्षरात लिहिलं किंवा बरोबरची खूण केली तरी बाद. सही केली तर बादच. आकडा देवनागरी चालतो, कानडी चालतो, रोमनही चालतो. मराठी सदस्यांनी हे ध्यानात ठेवावं, कारण ‘कानडीतच लिहावं लागतं’ अशी अफवा दर वेळी उठते. इथे बाद मतांचा परिणाम जिंकण्याच्या कोट्यावर होतो. बेळगावच्या स्थानिक संस्थांच्या मतदारसंघात दोन जागा आहेत. वैध पत्रिका ३,००० धरा. प्रत्येकीचं मूल्य १००, एकूण ३,००,०००, भागिले तीन (जागांहून एक जास्त), अधिक एक, म्हणजे कोटा १,००,००१. त्यातल्या ६० बाद झाल्या की कोटा ९८,००१ वर येतो.

आणि यंत्राचं म्हणाल तर तिथेही ‘यंत्रात पडलेलं प्रत्येक मत मोजलं जातं’ हे बरोबर नाही. बटण दाबल्यावर शेजारच्या यंत्रात दिसणाऱ्या चिठ्ठीवर चुकीचं नाव आलं अशी तक्रार कुणी लेखी दिली, तर नियमाप्रमाणे त्याच्याकडून चाचणी मत नोंदवून घेतात. तक्रार खोटी निघाली तर ते मत १७-सी मध्ये, म्हणजे केंद्रावरच्या मतांच्या हिशेबाच्या कागदात, दाखवून वजा करतात. दुसऱ्यानं आपल्या नावावर आधीच मत दिलेलं असेल तर खऱ्या मतदाराला कागदी मतपत्रिका मिळते. त्याला आपले लोक ‘टेंडर वोट’ म्हणतात. ते वेगळ्या पाकिटात जातं आणि मोजलं जात नाही, पण बादही नसतं. न्यायालयानं सांगितलं तरच ते पाकीट उघडतात.

‘नोटा म्हणजे बाद मत’ असंही आपल्याकडे सर्रास बोलतात. नोटा बाद नाही. ते मोजलं जातं, निकालपत्रात त्याचा वेगळा रकाना असतो. फक्त अनामत वाचते की जाते हे ठरवताना ते वैध मतांत धरत नाहीत. उमेदवारांना मिळून १,५०,००० मतं पडली असतील तर अनामत वाचवायला २५,००० हून एक तरी मत जास्त लागतं, मग नोटाला कितीही पडोत. अनामतीचं गांभीर्य बेळगावला वेगळं सांगायला नको. १९९६ ला इथे लोकसभेला ४५६ उमेदवार उभे होते. त्याच वर्षी नंतर लोकसभेची अनामत ५०० वरून १०,००० रुपयांवर गेली, आज ती २५,००० आहे. ‘मत वाया गेलं’ हे तर पूर्णपणे वेगळंच. ते मोजलेलं असतं, फक्त उमेदवार पडलेला असतो. पडलेल्या उमेदवाराच्या मताला बाद म्हणणं हा त्या मतदाराचा अपमान आहे, आणि महाराष्ट्र एकीकरण समितीला मत देणाऱ्या आपल्या माणसांनी तो पुष्कळ सोसला आहे.

कानडी पेपर वाचताना तर हा शब्द आणखी जपून वापरावा लागतो. तिथे बाद मताला ‘तिरस्कृत मत’ म्हणतात, ‘असिंधू’ म्हणतात, ‘कुलगेट्ट’ही म्हणतात. मराठी वाचक ‘तिरस्कृत’चा अर्थ आपल्या मराठीनं लावतो आणि चिडतो. तिथे तिरस्कार कुणाचाच नाही, फक्त नाकारलेलं मत आहे. ‘मतांतर’चं तेच. मराठीत ते वेगळं मत, कानडीत धर्मांतर. दोन्ही भाषांचे फलक रोज डोळ्यांसमोर असलेल्या माणसाला हे सांगायला कुणी विचारावं लागत नाही.

राहिलं ‘मत घालणं’. कानडीत ‘मत हाकु’ म्हणतात, त्याचा वारा लागला असेल. पण कुणाला मत घातलंस, हे आमच्या आयाबाया मतपेट्यांच्या काळापासून विचारत आल्या आहेत. पुण्याचा माणूस मत ‘टाकतो’ तेव्हा तुम्हाला ते अशुद्ध वाटत नाही. आपल्याच माणसांच्या तोंडच्या मराठीला कानडाळलेलं म्हणायचं आणि वर सीमाभागाचा अभिमान सांगायचा, हे मला पटत नाही. यावर मी आणखी वाद घालणार नाही.

तुमच्या मतदारसंघाचा निकालाचा नमुना २० निवडणूक खात्याच्या संकेतस्थळावर मिळतो. वैध मतं, नाकारलेली मतं, नोटा आणि टेंडर मतं यांचे रकाने त्यात वेगवेगळे आहेत. टपाली मतांची ओळ केंद्रांच्या याद्या संपल्यावर खाली असते. त्या ओळीत ‘नाकारलेली’च्या खाली काय आकडा आहे तो बघा, आणि मग यंत्र आल्यापासून काय संपलं ते मला कळवा.