'लोखंडी रिमला तोड नाही' म्हणणाऱ्यांनो, आधी टेप काढा

जुन्या काळ्या सायकलीला नवे पार्ट लावू नका, लोखंडी रिमला तोड नाही, बदलायचीच तर 28 इंची कुठलीपण बसते, अन् चाकाच्या तारा जुन्याच ठेवा, तेव्हाचा माल खरा. हा मेसेज मला चौघांनी पाठवलाय. वाचायला भारी वाटतंय, पण मी याच्यापायी पैसे घालवलेत म्हणून लिहायलोय.

आधी ते 28चं, कारण माणूस तिथंच फसतो. दूधवाल्याच्या सायकलीचं टायर 28 × 1½, ते रिमवर बसतं तिथला व्यास 635 मिमी. नवीन 700सी मापाच्या रिमला पण 28च म्हणतेत, पण ती 622 मिमी. मी परभणीत बसून 700सी मागवली अन् वडिलांच्या सायकलीचं टायर चढवलं, तर ते बांगडीवाणी फिरायलं! शिवाय रॉडचे ब्रेक. त्याचं रबर हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) बाजूनं रिमला आतून दाबतंय, नवीन रिमला तिथं सपाट जागाच नाही, मधोमध निपलं, म्हणजे तारा आवळायचे छोटे नट. म्हणजे ब्रेक पण बदला. रॉडचेच ठेवायचे असतील तर 635ची लोखंडीच घ्या, तिथं मेसेज बरोबर आहे.

तारांची भोकं कुणी मोजतच नाही. इंग्लिश पद्धतीच्या जुन्या सायकलीला पुढं 32, मागं 40 तारा, नवीन रिमा बहुतेक 32 नाहीतर 36च्या. मागच्या जुन्या हबचा हट्ट तिथंच संपला. पुढचा हब खुशाल ठेवा, छर्रे बदला, ग्रीस भरा.

लोखंड मजबूत, मान्य. पण पावसात क्रोम ओलं झालं की रबर पकडत नाही, सायकल विचार करत करत थांबते. ॲल्युमिनियमवर लई फरक पडतो. खड्ड्यात वाकते म्हणता, तर स्वस्तातली सिंगल वॉल, म्हणजे एकाच थराची रिम कशाला घेता?

अन् तारा. रिम बदलली की तारेची लांबीच बदलते, जुन्या बसणार कशा? तार बहुतेक वेळा तुटते ती हबजवळच्या वाकणात, अन् ढिली असल्यानं, दर फेरीला ताण सुटतो, परत बसतो. आमच्या गल्लीतले काका चाकाचा आऊट (डुगडुग) काढताना रिमजवळ खडू धरून चाक फिरवतेत, जिथं पांढरी रेघ उठली तिथल्या पलीकडच्या बाजूच्या तारा पाव पाव फेरा आवळतेत, मग बोटानं वाजवून बघतेत. गंजलेलं निपल असलं तर पाव फेरा सोडा, हलत पण नाही.

मेसेज पाठवणाऱ्यातल्या एकाला विचारलं, तुझ्या मागच्या चाकाला तारा किती? मोजून सांगतो म्हणला.