लाल दिवा लागला की जपून बोला

अभिनंदन! रेडिओवर शनिवार-रविवारी होणाऱ्या गप्पांच्या कार्यक्रमासाठी तुम्हाला बोलावणं आलंय. 'आपला परिसर, आपली माणसं' छापाचं काहीतरी नाव असेल, नसेल तर ठेवतील. आवाज बरा आहे आणि 'न' आणि 'ण' वेगळे उच्चारता येतात म्हणून आपली निवड झाली, असा तुमचा समज असेल. असू द्या. सुट्टीच्या दिवशी यायला दुसरं कोणी राजी नव्हतं, हे पहिल्या महिन्यात आपोआप कळेल. मी त्या खुर्चीत बरीच वर्षं बसलोय, म्हणून आपुलकीने सांगतो. ऐका.

कार्यक्रमाच्या माहितीत 'स्थानिक घडामोडी' असे शब्द असतील. ते माहितीतच राहू द्यायचे. तुमचं केंद्र खाजगी एफएम असेल तर नियम सोपा आहे: स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत. हौस असेल तर आकाशवाणीचं बातमीपत्र घ्यावं, तेही काना-मात्रेचा फरक न करता. मात्र २०११च्या धोरणाने मोठ्या मनाने सांगून ठेवलंय की काही गोष्टी बातमीत मोडत नाहीत. वाहतूक, हवामान, सण-उत्सव, परीक्षांचे निकाल, प्रवेश, नोकरीच्या जागा, वीज-पाण्याच्या सूचना, नैसर्गिक आपत्ती. ही यादी एकदा शांतपणे वाचा, म्हणजे आपण किती मोकळे आहोत ते कळेल. उद्या पाणी येणार नाही, हे तुम्ही खुशाल सांगा. का येणार नाही, ही बातमी झाली. पुलावरून वाहतूक बंद आहे, हे सांगा आणि वर एखादं पावसाचं गाणं लावा. पूल बांधून किती वर्षं झाली असं कोणी विचारलंच, तर पावसाचं दुसरं गाणं लावा. निकाल लागला, ही सूचना. पेपर फुटला, ही बातमी. एवढा विवेक अंगी बाणला की अर्धं शिक्षण झालं.

आकाशवाणीच्या केंद्रावर असाल तर गोष्ट जरा निराळी. तिथे बातम्या असतात, पण त्या वृत्त विभागाच्या. तुम्ही कार्यक्रम विभागाचे. दोन्ही विभागांच्या मधला व्हरांडा रोज न चुकता ओलांडतो तो फक्त चहावाला. शिवाय तिथे प्रसारणाची एक जुनी आचारसंहिता आहे. राजकीय पक्षावर नाव घेऊन हल्ला नको, केंद्र आणि राज्य सरकारांवर वैरभावाने टीका नको, मित्रराष्ट्रांवरही टीका नको. म्हणजे गल्लीतला नाला तुंबला तर त्याचं खापर परदेशावर फोडायची सोयसुद्धा ठेवलेली नाही.

घाबरू नका, मराठी भाषा तुमच्या पाठीशी आहे. कर्मणी प्रयोग कशासाठी असतो हे शाळेत कळलं नसेल, ते इथे कळेल. 'ठेकेदार रस्ता खोदून ठेवतो' हे वाक्य माइकसमोर उच्चारायचं नाही. 'रस्ता खोदला गेला आहे' हे बरं. 'रस्त्याचं काम प्रगतिपथावर आहे' हे सर्वांत बरं, कारण त्यात खोदणाराही नाही आणि खड्डाही नाही. नुसता पथ आहे, आणि तोही प्रगतीचा.

आता पाहुणे. त्यांना पहिला प्रश्न विचारायचा तो असा: 'आपला हा प्रवास कसा सुरू झाला?' गेली काही वर्षं मराठी मुलाखतीत कोणी जन्मत नाही, शिकत नाही, नोकरीला लागत नाही. सगळे प्रवास करतात. पाहुणे गावच्या तलावावर चाळीस वर्षं काम केलेले निवृत्त शिक्षक असोत, बचत गटाच्या ताई असोत की ढोल-ताशा पथकाचे प्रमुख, प्रश्न बदलायचा नाही. उत्तर चालू असताना 'हं', 'अच्छा', 'क्या बात है' हे आलटून पालटून म्हणावं. मध्येच खरा प्रश्न सुचला तर घोटभर पाणी प्या, जातो.

पाहुणे कागदावर लिहून आणतील. कागदांना टाचणी असेल तर काढायला लावा, पानं उलटण्याचा आवाज थेट माइकमध्ये जातो. ताईंना बांगड्या काढून ठेवायला सांगा. एवढ्या दोन सूचना माझ्याकडून गंभीरपणे घ्या, बाकी लेखाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

एखादे आजोबा आपल्या बोलीत सुरू होतील. माणदेशी, अहिराणी, मालवणी, झाडीबोली, जी काय त्यांच्या तोंडात बसली असेल ती. त्यांना प्रेमाने थांबवा आणि 'जरा शुद्ध बोला' म्हणा. ते लगेच अवघडतील, खाली मान घालून 'जलसंवर्धन ही काळाची गरज आहे' म्हणतील, आणि कार्यक्रम कसा सगळ्यांना कळेल असा होईल. बोलीभाषेसाठी वेगळा कार्यक्रम असतोच की: 'बोलीभाषेचं वैभव'. त्यात प्राध्यापक बोलतात.

लोककलावंताला बोलावलंत तर हे प्रमाण सांभाळा: दहा मिनिटं कला लोप पावत चालली आहे यावर, आणि चाळीस सेकंद कला. शाहीर डफ घेऊन आलेले असतात. बिचारे येताना रिक्षात तो मांडीवर धरून बसलेले असतात. त्यांना म्हणायचं, 'शाहीर, वेळेचं भान ठेवून दोनच ओळी'. आवाज जरा वर चढला की फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, हळूच खाली घ्या आणि वेळेअभावी थांबत असल्याबद्दल खंत व्यक्त करा. खंत व्यक्त करायला मात्र पूर्ण मिनिट घ्या.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी अकराला काही ठेवू नका. ती वेळ २०१४पासून दिल्लीकडे आहे.

फोन-इनचं तंत्र थोडक्यात सांगतो. ठरलेले सात-आठ श्रोते असतात, तेच दर रविवारी फोन करतात. त्यांना म्हणायचं, 'आधी तुमच्या रेडिओचा आवाज बारीक करा.' मग ते म्हणतात, 'कार्यक्रम फार छान चाललाय.' मग तुम्ही विचारता, 'कोणतं गाणं ऐकवू?' ही देवघेव दोन्ही बाजूंना पाठ असते आणि तिच्यात कोणी कोणाला दुखवत नाही. कधीतरी एखादा नवखा माणूस घुसतो आणि म्हणतो, 'आमच्याकडे आठ दिवसांनी पाणी येतं, त्याबद्दल बोला की.' अशा वेळी तुमचा आवाज शांत पाहिजे. 'आपला आवाज नीट पोहोचत नाहीये' असं म्हणा. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की त्यात एक प्रकारचं सत्य आहे, असं मला कधीकधी वाटतं.

इथे एका जुन्या प्रकरणाबद्दल सावध करायला हवं. ते कोणी उकरून काढलं तर तुमच्याकडे उत्तर असावं. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने एक उद्योग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत दीडशेच्या आसपास गावांमध्ये रेडिओ शेती मंडळं उभी केली. गावातली वीसेक माणसं आठवड्यातून दोनदा रेडिओसंचाभोवती बसायची. अर्धा तास ऐकायचं, मग आपसात चर्चा करायची, आणि अडलेले प्रश्न केंद्राकडे पाठवायचे. केंद्र पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं देई. असे वीस कार्यक्रम झाले. पॉल न्यूरथ नावाच्या समाजशास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास केला आणि मंडळं असलेल्या गावांतल्या लोकांच्या ज्ञानात बाकीच्या गावांपेक्षा जास्त भर पडली, असं लिहून ठेवलं. १९५९मध्ये ही कल्पना देशभर नेली. ऐका, चर्चा करा, कृती करा, असं तिचं ब्रीद होतं. त्यातलं 'ऐका' एवढं आपण आजवर जपलंय.

एखादा भाबडा श्रोता विचारेल, हे पुन्हा का करत नाही? त्याला सांगा, आता तंत्रज्ञान फार पुढे गेलंय. तेव्हा प्रश्न पोस्टाने यायचा, म्हणून त्याला उत्तर द्यावं लागे. आता तो व्हॉट्सॲपवर येतो, त्याला दोन निळ्या खुणा मिळतात. आणि नाव तरी बघा ना. पुराणातली आकाशवाणी कधी प्रश्न घेत नसे. कंसाने ती ऐकली, मनावर घेतली आणि रथातच तलवार उपसली. श्रोत्याने गंभीरपणे ऐकलं की असं होतं.

सामुदायिक रेडिओची लागण होऊ देऊ नका, ही आणखी एक काळजी. २००६च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही ही केंद्रं काढायला परवानगी दिली. जेमतेम शंभर वॉटची ताकद, आणि निम्मा तरी मजकूर त्याच भागातल्या लोकांनी केलेला हवा अशी अट. स्वतःच्या बातम्या तिथेही वर्ज्य, तेवढा दिलासा आहे. पण म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीसारख्या ठिकाणी गावचीच माणसं गावच्याच माणसांशी बोलतात, आणि बोलता बोलता पाणी, गुरं, शाळा, दवाखाना असले विषय निघतात. निवेदकाला शेजारच्या वस्तीतला पाण्याचा टँकर कधी आला ते स्वतःलाच माहीत असतं. 'हं, अच्छा' म्हणून त्याची सुटका होत नाही, कारण संध्याकाळी पाहुणा त्याला रस्त्यात भेटतो.

शेवटचा मुद्दा लाल दिव्याचा, म्हणजे माइक चालू असल्याचं सांगणाऱ्या स्टुडिओतल्या दिव्याचा. तो विझल्यावर पाच मिनिटं पाहुण्यांपासून लांब राहा, चहा बाहेर घ्या. मी ही चूक एकदा केली. कोणत्या स्टुडिओत ते विचारू नका. वर सांगितलेले तलाववाले निवृत्त गुरुजी अर्धा तास माझ्यासमोर जलसंवर्धनाबद्दल बोलले आणि मी अर्धा तास 'क्या बात है' म्हणालो. दिवा विझला. गुरुजींनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, 'आता खरं सांगू का?' मग तलावाचे सात झरे कुठे होते, त्यातल्या कोणत्या झऱ्यावर कोणती इमारत उभी आहे, भराव कोणत्या वर्षी रात्री दोनला पडायचा, ट्रक कोणाचे होते, हे सगळं त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. आणि तेही त्यांच्या बोलीत, एकदाही 'काळाची गरज' न म्हणता. काचेपलीकडे तंत्रज्ञ हेडफोन काढून जेवायला गेला होता.

मी हाताला लागेल त्या कागदावर भराभर लिहून घेत होतो. झऱ्यांचा नकाशासुद्धा त्यांनी माझ्या पेनाने काढून दिला. तो कागद म्हणजे त्यांच्या मानधनाच्या करारपत्राची मागची बाजू निघाली. सोमवारी ते हिशेब विभागात जमा करावं लागलं.